सुरमा आणि क्रीममधले जड धातू : तपासणी कशी होते?

गोरं करणारं क्रीम वापरून अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

आपल्या महाड-पोलादपूरच्या घरांत सुरमेदानी असतेच. ‘इस्मिद’ म्हणून विकला जाणारा चमकदार सुरमा पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असतो. डोळे चोळलेला हात तोंडात गेला की शिसं पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक.

रंगावरून हे कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना आम्लात विरघळवून यंत्रावर धातू मोजतात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकालाही फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. पावती जपून ठेवा. अहवाल येईपर्यंत बाळाच्या डोळ्यांत सुरमा नको.