विहिरीच्या बदल्यात

आधी तहान लागू द्या. घशाला पुरती कोरड पडेपर्यंत चालत राहा.

साल १८९४. राजपुतान्यात सीकरजवळच्या ‘काशी का बास’ नावाच्या छोट्याशा गावात तुम्ही पोचला आहात. पायाखाली तापलेली वाळू, डोक्यावर खेजडीची विरळ सावली. डोईवर घागरी घेतलेल्या बायका लांबून येताना दिसतात. त्यांच्याकडे पाणी मागायला तुमची जीभ रेटत नाही, कारण ती एकेक घागर किती चालीची आहे हे तुम्ही आत्ताच पाहिलं आहे.

एका गरीब शेतकऱ्याच्या दारात माणसं जमली आहेत. कनीराम हे त्याचं नाव. वर्ध्याला व्यापारात नाव काढलेले शेठ बच्छराज बजाज आपल्या मुलखात आले आहेत. त्यांच्या घराला वारस नाही आणि कनीरामचा चार-पाच वर्षांचा मुलगा, जमनालाल, त्यांच्या मनात भरला आहे. त्याला नातू म्हणून दत्तक द्या, असं मागणं आहे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी, की आईबापांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही. शेठजींनी गावाला विहीर बांधून दिली.

तुम्ही त्या मुलाकडे बघा. तो वाळूत खेळतो आहे. आपल्या जाण्यानं गावाला पाणी मिळणार आहे, हे त्याला कळायचं वय नाही. पण ही गोष्ट कधीतरी त्याच्या कानावर पडणारच. आपल्या आयुष्याचं मोल गावानं पाण्यात घेतलं, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस पुढे पैशाकडे कसा बघेल? या प्रश्नाचं उत्तर शोधत आता तुम्हाला वर्ध्याला जायचं आहे.

वर्धा स्टेशनावर उतरा. साल १९०६, कापसाचा हंगाम. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली आहे. गाड्यांमधून उतू जाणारा कापूस वाऱ्यानं उडतो आणि तुमच्या केसांवर, भुवयांवर बसतो. पलीकडे जिनात कापसापासून सरकी वेगळी होते आहे, रुईच्या गाठी बांधल्या जात आहेत. काटा, अडत्या, दलाल, मापारी यांचा नुसता गलका. वऱ्हाड आणि वर्धेच्या काळ्या मातीतलं पांढरं सोनं इथून मुंबईकडे जातं.

बच्छराजांच्या पेढीत शिरा. पांढरी गादी, लोड, तिरपी मेजं, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या. मुनीम रोकड लिहितो आहे. एका बाजूला सोळा-सतरा वर्षांचा जमनालाल बसला आहे. शाळा त्यानं चार वर्षांत सोडली. लग्न झालं आहे, बायको जानकी त्याच्याहून लहान आहे. आजोबांकडून त्याला रोज एक रुपया हातखर्चाला मिळतो आणि तो रुपया तो साठवतो.

कशासाठी? टिळकांचा ‘केसरी’ हिंदीतून नागपुरात निघणार आहे. मदतीचं आवाहन झालं आहे. मुलगा साठवलेले शंभर रुपये काढतो आणि देऊन टाकतो. शंभर रुपये म्हणजे शंभर दिवस. शंभर वेळा बाजारातून जाताना मन आवरलेलं. पुढे याच हातानं त्यानं लाखांनी दिलं, तरी त्या शंभरांचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असं तो सांगत असे. दान द्यायचं तर आपल्या अंगाचं काहीतरी गेलं पाहिजे, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं.

वर्ध्यातच थांबा, वर्षभरानं घरात लगीनघाई आहे. दागिने घालून लग्नाला चल, असं आजोबा सांगतात. नातू नको म्हणतो. शेठजींचा पारा चढतो, तोंडाला येईल ते बोलून जातात. त्यात पैशाचाही उल्लेख येतो. तुम्ही दाराशी उभे आहात. मुलगा उलट बोलत नाही, मान खाली घालून आत जातो आणि लिहायला बसतो.

त्याच्या खांद्यावरून वाचा. अक्षरात राग नाही. आजोबांना आदराचा नमस्कार आहे. आपल्या धनावर आता माझा कसलाही हक्क राहिला नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज मी काही नेत नाही, माझ्याबद्दल मनात काही ठेवू नका, अशा आशयाचं ते पत्र आहे. सतरा वर्षांचा मुलगा लाखोंच्या इस्टेटीवर पाणी सोडून घराबाहेर पडतो.

आजोबा विरघळतात. माणसं धावतात, मुलाला समजावून परत आणतात. थोड्याच काळात, १९०७ मध्येच, बच्छराज जातात आणि सगळी पेढी या मुलाच्या हाती येते. पण एकदा सोडलेलं परत आलं, की ते आपलं उरत नाही. त्यानं त्या दिवसापासून स्वतःला मालक मानलंच नाही. पुढे गांधींनी विश्वस्ताची कल्पना मांडली तेव्हा देशाला ती नवी वाटली. वर्ध्याच्या या पेढीत ती आधीच चोपडीला लागली होती.

मालक नाही म्हणून तो धंद्यात ढिला पडला असेल, असं समजू नका. विश्वस्ताला मालकापेक्षा जास्त राबावं लागतं. त्याच्याबरोबर एक दिवस काढून बघा. पहाटे उठणं, पत्रव्यवहार, पेढीचा हिशोब, जिनाची फेरी, मुंबईच्या व्यवहारांवर नजर, आणि रात्री रोजनिशी. गाठीचं वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची खोड त्या काळच्या बाजारात होती. अशा बाजारात या पेढीनं सचोटीचं नाव मिळवलं. धंदा वाढत गेला. १९३१ मध्ये उत्तरेत गोला गोकर्णनाथला साखर कारखाना उभा राहिला. कमवायचं ते हिमतीनं आणि चोख. ते पुरेसं वाढलं तरच देण्याजोगं काही हातात राहतं.

आता काळ जरा भरभर सरकू द्या. १९२०, नागपूर काँग्रेस. स्वागताध्यक्ष जमनालाल गांधींपुढे एक विचित्र मागणी ठेवतो: मला आपला पाचवा मुलगा माना. एकदा दत्तक गेलेला माणूस या वेळी स्वतःहून दत्तक जातो. १९२१ मध्ये सरकारनं दिलेली ‘रायबहादूर’ पदवी तो परत करतो. वकिली सोडून चळवळीत आलेल्यांच्या घरची चूल चालावी म्हणून टिळक स्वराज्य फंडात एक लाख रुपये देतो. त्याच वर्षी त्याच्या आग्रहामुळे विनोबा वर्ध्याला येतात आणि आश्रम सुरू होतो. घरात विलायती कपड्यांची होळी होते. जानकीदेवी सोनं उतरवतात, पडदा सोडतात, खादी नेसतात. दागिन्यांवरून एकदा घर सोडलेल्या माणसानं १९२६ मध्ये आपल्या थोरल्या मुलीचं, कमलाचं लग्न साबरमतीच्या आश्रमात अगदी साधेपणानं लावलं.

१९२३ ला मात्र थांबा. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल तुरुंगात गेला आहे. वर दंडही ठोठावला आहे. तो दंड भरायला तयार नाही, म्हणून सरकारनं त्याची मोटार जप्त केली आणि लिलावाला काढली. तुम्ही गर्दीत उभे आहात. गावात मोटार ही त्या काळी डोळे दिपवणारी गोष्ट, आणि स्वस्तात मिळणार आहे. अंमलदार बोली पुकारतो, थांबतो, पुन्हा पुकारतो. कोणीही तोंड उघडत नाही. एकमेकांच्या भावावर कुरघोडी करण्यात ज्यांचा जन्म गेला, ते बाजारातले व्यापारी गप्प उभे आहेत.

वर्ध्यात त्या मोटारीला गिऱ्हाईक मिळालं नाही. एखाद्या व्यापाऱ्याची पत किती, हे ताळेबंदावरून सांगता येतं. गावानं आपली पत त्याला किती दिली, हे त्या शांततेत ऐका.

जुलै १९२८. आभाळ भरून आलं आहे. बच्छराजांनी बांधलेल्या लक्ष्मीनारायण मंदिरासमोर तुम्ही उभे आहात. अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी हे मंदिर खुलं करायचं, असा निर्णय विश्वस्तांनी घेतला आहे. त्यासाठी जमनालालला त्यांची बरीच समजूत घालावी लागली. जातभाईंची नाराजी त्याला नवी नाही. बहिष्काराची भाषा त्यानं ऐकली आहे, आणि ती सर्वांत जास्त दुखते, कारण ती सोयऱ्यांच्या तोंडून येते.

वर्षभरापूर्वी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह ओंजळीनं पाणी घेतलं होतं, हे मनात जागं ठेवा. तिथे माणसांनी आपला हक्क स्वतः घेतला. इथे एक शेठ दार उघडतो आहे. त्या उघडण्याला दान म्हणू नका. ज्यांचं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या अडवून ठेवलं होतं, ते परत करण्याचा हा दिवस आहे. जमनालालनं विहिरी खुल्या करण्याचाही प्रयत्न केला. ज्याच्या बदल्यात एका कोरड्या गावाला विहीर मिळाली, त्याला पाण्याभोवतीचं कुंपण सहन होईल कसं?

आता आत जाणाऱ्या माणसांचे पाय बघा. उंबरठ्याशी ते क्षणभर घुटमळतात. नजर उचलून गाभाऱ्याकडे बघायचं की नाही, हे ठरत नाही. मग एक पाऊल आत पडतं, त्यामागून दुसरं. देवळाची घंटा वाजते. ती नेहमीसारखीच वाजते, पण तुम्हाला ती ऐकवत नाही, कारण इतकी वर्षं ती कोणाकोणाच्या कानांवर बाहेरूनच पडत होती हे आता लक्षात येतं.

पुढची फेरी सेगावची. ३० एप्रिल १९३६. वर्ध्याच्या उन्हाळ्याची धग पहाटेच अंगाला लागते आहे. दोन वर्षांपूर्वी जमनालालनं आपली संत्र्यांची बाग आणि घर ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिलं. ती आता मगनवाडी आहे. तिथून गांधी चालत निघाले आहेत, तुम्ही मागे चालता आहात. सेगावची मालगुजारी जमनालालकडे आहे. तिथली जमीन त्यानं आश्रमासाठी दिली. गांधींची अट मात्र कडक: झोपडी गावच्या मातीची, गावच्या बांबूंची, गावच्या हातांची हवी आणि खर्च शंभर रुपयांत बसवायचा.

शंभर रुपये! हा आकडा तुम्ही आधी ऐकला आहे. एकोणतीस-तीस वर्षांपूर्वी एका मुलानं रोजचा रुपया साठवून तेवढेच जमवले होते.

सेगावला धड रस्ता नाही, टपाल नाही. पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडतात. म्हणून पुढे १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. देशाचे नेते वर्धा स्टेशनावर उतरतात आणि जमनालालच्या बजाजवाडीत मुक्काम करतात. त्यांची ताटं मांडणं, गाड्यांची सोय, आजाऱ्याची विचारपूस, कोणाच्या मुलीसाठी स्थळ पाहणं, सगळं तो करतो. लग्नं जुळवण्याच्या या हौसेपायी गांधी त्याला ‘शादीलाल’ म्हणत. पैसा देणारे बरेच असतात. आपला दिवस, आपली झोप, आपलं घर देणारा विरळा.

शेवटची फेरी. फेब्रुवारी १९४२, वर्ध्यालगतची गोपुरी. तुरुंगातून सुटल्यावर जमनालालनं गोसेवेचं काम अंगावर घेतलं आणि तो इथे झोपडीत राहू लागला आहे. गोठ्यातून शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास येतो आहे. बावन्न वर्षांचा हा माणूस गाईच्या पाठीवर हात फिरवतो आहे. शेठजींच्या गादीपासून ही झोपडी फार लांब नाही, पण तो इथे पस्तीस वर्षं चालत पोचला आहे. सतराव्या वर्षी पत्रात जे लिहिलं, तिथे.

११ फेब्रुवारीला मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. सेवाग्रामहून गांधी धावत आले. पाचव्या मुलाचा अंत्यविधी बापाला बघावा लागला. जानकीदेवींनी आपली मालमत्ता गोसेवेला देऊन टाकली. तुम्ही गोपुरीतल्या चितेपासून जरा लांब उभे राहा. ही गर्दी नीट बघा: खादीतले पुढारी, पेढीचे मुनीम, जिनातले मजूर, खेड्यातली माणसं. यातल्या कोणाला काय दिलं, याची नोंद एका चोपडीत मावणार नाही.

परत निघण्याआधी थोडं पुढे चला. स्वातंत्र्य आलं आहे. विनोबा भूदानासाठी गावोगाव पायी फिरत आहेत. जमीन मिळाली, पण पाण्यावाचून ती पिकवायची कशी? जानकीदेवी कूपदानाचं काम हाती घेतात. ऐपत असेल त्यानं भूमी मिळालेल्या गरिबाला विहीर द्यावी, अशी मागणी करत ही म्हातारी बाई हिंडते आहे. कोणे एके काळी ती सोन्यानं मढून या घरात आली होती.

एका कोरड्या शेतात खोदकाम चालू आहे. पहारीचा आवाज येतो. माणसं खड्ड्यातून माती वर देत आहेत, तुम्हीही एक घमेलं हातात घ्या. काशी का बासपासून लागलेली तहान अजून घशात आहे. खालून कोणीतरी हाक मारतं, माती ओली लागली म्हणून. काठावरचा शेतकरी वाकतो, ओला चिखल मुठीत घेऊन बघतो आणि ती मूठ तुमच्यापुढे धरतो.