सर सिरिल बर्ट यांचीं मापें

सक्तीच्या शिक्षणाचा एक परिणाम असा झाला कीं, ज्या मुलांचें मागासलेपण पूर्वीं घराबाहेर कोणाच्या लक्षांत येत नसे तें आतां सर्वांच्या डोळ्यांवर येऊं लागलें. इंग्लंडांत १८८० मध्यें शाळा सक्तीची झाली आणि लंडनच्या दरिद्री वस्त्यांतील पोर वर्गांत येऊन बसलें. पण फळ्यावरील अक्षर त्याला उमजेना. त्याला मंदबुद्धि ठरवून निराळ्या शाळेंत धाडावयाचें, कीं तें केवळ उपाशी, बहिरें किंवा धास्तावलेलें आहे? हा निवाडा शाळेच्या डॉक्टरांकडे असे; आणि ज्याला नाडी कळते त्याला बुद्धीहि कळते असें नाहीं. १९१३ सालीं लंडन काउंटी कौन्सिलनें या कामासाठीं एक मानसशास्त्रज्ञ अर्धवेळ नेमला. ब्रिटनमध्यें असा हुद्दा यापूर्वीं नव्हता. त्या जागेवर आलेले तीस वर्षांचे गृहस्थ म्हणजे सिरिल बर्ट.

बर्ट यांचा जन्म १८८३ चा. वडील डॉक्टर, वॉरिकशायरमध्यें त्यांच्या रोग्यांत गाल्टन घराण्यांतील मंडळी होती, आणि त्यामुळें फ्रान्सिस गाल्टन यांचें नांव मुलाच्या कानीं लवकर पडलें. कर्तृत्व रक्तांतून उतरतें, हें गाल्टन यांचें मत ही बर्ट यांची जणूं बाळघुटीच होय. पुढें ऑक्सफर्ड, थोडा काळ जर्मनी, मग लिव्हरपूल विद्यापीठांत अध्यापन आणि तेथून लंडन.

कौन्सिलच्या नोकरींतील १९१३ ते १९३२ हीं एकोणीस वर्षें आम्हांला या चरित्रांतील सर्वांत मोलाचीं वाटतात. फ्रान्समध्यें बीने व सिमों यांनीं १९०८ मध्यें वयावर बसविलेल्या कसोट्या बर्ट यांनीं लंडनच्या मुलांना जुळतील अशा करून घेतल्या. कल्पना सोपी आहे. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलाइतकेच प्रश्न सुटले, तर त्याचें मानसिक वय आठ आणि बुद्ध्यंक ८०. (आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं याच कसोट्यांचें अमेरिकन आवृत्तीवरून रूपांतर केलें, व त्याविषयींचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्यें निघाला.) परंतु बर्ट आंकड्यावर थांबले नाहींत. ते मुलाच्या घरीं जात, आईशीं बोलत, घरांत माणसें किती, बाप दारू पितो काय, हें टिपून घेत. १९२५ मध्यें निघालेल्या 'द यंग डेलिंक्वंट' या बालगुन्हेगारांवरील ग्रंथाचा आरंभच मुळीं सात-साडेसात वर्षांच्या एका पोराच्या हकीकतीनें होतो, आणि त्या पोराच्या हातून एक खून घडलेला असतो. वाचकाची अपेक्षा अशी कीं, आतां लेखक त्याला जन्मजात दुष्ट ठरवील. तसें होत नाहीं. एका अपराधामागें अनेक कारणें गुंतलेलीं असतात, हाच त्या ग्रंथाचा सिद्धान्त आहे. रक्तावर एवढी भिस्त असणाऱ्या मनुष्यानें हें लिहावें, याचें आम्हांला कौतुक वाटतें.

१९३२ मध्यें बर्ट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४६ मध्यें 'सर' झाले. मधल्या काळांत १९४४ चा शिक्षणविषयक कायदा आला, आणि अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत वांटून देण्याची पद्धत इंग्लंडांत रूढ झाली. ती बर्ट यांनींच काढली असें म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि बुद्धि बहुतांशीं जन्मजात असते व ती लहानपणींच मोजतां येते, हें त्यांचें प्रतिपादन त्या पद्धतीच्या पाठीशीं होतें. एका सकाळच्या पेपरावर खाटकाच्या पोराचें पुढचें सारें आयुष्य ठरावयाचें, तर तें माप खरें असलें पाहिजे.

आणि येथेंच घोटाळा झाला. जन्मतःच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरीं वाढलेल्या एकरूप जुळ्या भावंडांची बुद्धि किती सारखी निघते, याचे आंकडे बर्ट प्रसिद्ध करीत असत. १९५५ मध्यें अशा जोड्या २१ होत्या, १९६६ मध्यें ५३ झाल्या. पण साम्याचा गुणांक दोन्ही वेळां ०.७७१ च. (पूर्ण साम्य असेल तर हा गुणांक १ येतो.) जोड्या दुपटीहून अधिक झाल्या आणि तिसरा दशांशहि हालला नाहीं! बर्ट १९७१ मध्यें वारले. ही गोष्ट अमेरिकेंतील लिऑन कॅमिन यांनीं १९७४ मध्यें चव्हाट्यावर आणली. १९७६ मध्यें 'संडे टाइम्स'नें छापलें कीं, बर्ट यांच्या हॉवर्ड व कॉनवे या दोन सहकारी बायांचा कोठेंच पत्ता लागत नाहीं. कॉनवे यांच्या नांवावरील लेख तर ज्या नियतकालिकांत आला, त्याचे संपादक त्या वेळीं स्वतः बर्टच होते.

बर्ट यांचे चरित्र लिहिण्याचें काम त्यांच्या भगिनीनें लेस्ली हर्नशॉ यांच्याकडे सोंपविलें होतें. हर्नशॉ हे बर्ट यांचे चाहते. रोजनिशा व पत्रव्यवहार चाळतां चाळतां त्यांचें मत फिरलें, आणि १९७९ च्या चरित्रांत त्यांनीं लबाडीचा आरोप खरा मानला. पुढें जॉयन्सन (१९८९) आणि फ्लेचर (१९९१) यांनीं बर्ट यांची बाजू घेऊन ग्रंथ लिहिले. गबाळेपणा आणि लबाडी यांत अंतर आहे, असें त्यांच्या बचावाचें एक सूत्र आहे. आमच्या मतें त्या अंतरानें बर्ट यांची अब्रू कदाचित् वांचेल, ०.७७१ हा आंकडा वांचत नाहीं. मूळ नोंदी पाहूं म्हटलें तर त्याचीहि सोय उरलेली नाहीं. बर्ट यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या घरांतील पुष्कळसे जुने कागद जाळून टाकण्यांत आले.