आपल्या भागातील साळुंक्या : ओळख व सवयी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात साळुंकीच्या कुळातले अनेक पक्षी दिसतात. आपण सगळ्यांना साळुंकी किंवा मैना म्हणतो. पण डोळा, डोके आणि चोच नीट पाहिली की त्या वेगळ्या ओळखता येतात.

साळुंकी : अंग तपकिरी, डोके काळे, डोळ्यामागे पिवळी कातडी; चोच व पाय पिवळे. उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो. अंगणात, बाजारात, नांगरामागे किडे टिपताना कायम दिसते.

जंगली मैना : अंग करडे, कपाळावर लहान तुरा, डोळ्याभोवती पिवळी कातडी नसते. आपल्याकडच्या जातीचा डोळा निळसर असतो. गाई-म्हशींच्या पाठीवर बसते. या उपजातीला १८३२ मध्ये साईक्स यांनी दिलेले ‘महारट्टेन्सिस’ हे नाव मराठी मुलखावरून आले आहे.

भांगपाडी मैना : आकाराने लहान, पोट बदामी, डोक्यावर काळी शेंडी. मोकळ्या माळावर, झाडांवर जोडीने दिसते.

भोरडी (पळस मैना) : अंग गुलाबी, डोके व पंख काळे. मध्य आशियाकडून हिवाळ्यात थव्यांनी येते. पळस, पांगारा, सावरीच्या फुलांतला मध पिते, टोळ खाते. पण जोंधळा दुधात आला की कणसांवर तुटून पडते. माळ्यावर बसून गोफण चालवायची ती हिच्यासाठीच.

डोंगरी मैना : चकचकीत काळी, मानेवर पिवळी लोंबती कातडी. सह्याद्रीच्या ओल्या, दाट जंगलातली. इंग्रजीत हिला पूर्वी ‘ग्रॅकल’ म्हणत. अमेरिकेत आपल्या मुलांना दिसणारा काळा ग्रॅकल मात्र वेगळ्या कुळातला.

घरटी : भोरडी आपल्याकडे वीण करत नाही. बाकीच्या साधारण चैत्रापासून श्रावणापर्यंत झाडाच्या ढोलीत घरटे करतात. साळुंकीला भिंतीचे भोक, कौलाखालची वळचणही चालते. नर-मादी दोघेही पिल्लांना भरवतात. जुनी घरे पाडून स्लॅब पडले, रस्त्यासाठी वड-पिंपळ तुटले, की या जागा जातात. त्यामुळे कौले उतरवण्यापूर्वी वळचण पाहावी. पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत थांबावे. खाली पडलेले पिल्लू शक्यतो घरट्यात परत ठेवावे.

बोलायला शिकवण्यासाठी मैना पाळण्याची हौस जुनी आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्यांना पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.