फुटकी बादली

आमच्या जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक मोरगावची, आगगाडीच्या वाटेवरची. दुसरी आमची, मुंबई-कलकत्ता सडकेवरची. या सडकेने मावळतीकडे निघाले की नागपूर लागते. तेथे हिस्लॉप कॉलेज आहे, १८८३ सालचे.

या कॉलेजात विजय बारसे खेळ शिकवीत. कॉलेजातल्या खेळशिक्षकाची कीर्ती बहुधा ढालींबरोबर कपाटात जाते. बारशांचे तसे झाले नाही. एके दिवशी भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडीत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांना चेंडू दिला. मला नवल वाटते ते चेंडूचे नव्हे, त्या पाहण्याचे. असली पोरे आपण सारेच पाहतो. मी तर हटकलीही आहेत! बारशांच्या मनात आले, की जितका वेळ ही खेळतात तितका वेळ तरी वाईट नादापासून दूर राहतात.

२००१ साली त्यांनी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरविली, तर १२८ संघ उतरले. पुढे निवृत्तीचा पैसाही त्यांनी याच कामी घातला. २००७ साली कोपनहेगनला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा संघ खेळला. २०२२ साली नागराज मंजुळ्यांनी 'झुंड' काढला, त्यात बारशांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चननी केली.

परवा गावाबाहेर, धान कापलेल्या बांधीत, पोरे चिंध्यांच्या चेंडूने खेळत होती. मी धुऱ्यावर बसलो. गोल किती झाले ते काही कळले नाही. चेंडूच दोनदा सुटला.