शलाका आणि तंतू : एका सांध्याचा इतिहास

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या इतिहासात ही तारीख ठळकपणे नोंदली गेली. परंतु ओझरच्या ज्या बंधाऱ्यापाशी धरणाचे पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लेझर-प्रकाशाच्या संदेशवहनाचा इतिहासही असाच उगम आणि वाहिनी यांच्या तारखांनी भरलेला आहे. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांचा गॅलियम आर्सेनाइडचा डायोड-लेझर सिद्ध झाला. १९६६ मध्ये काओ व हॉकहॅम यांनी काचतंतूत किलोमीटरमागे निदान शंभरावा हिस्सा प्रकाश उरावा, अशी अट मांडली. १९७० मध्ये कॉर्निंगच्या तंतूने ती पुरी केली. या दोहोंच्या सांध्याचे श्रम मात्र तळटीपेतच राहिले.

महाराष्ट्रात हा प्रश्न आरंभी उद्भवलाच नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात डायोड-लेझर तयार झाला आणि त्याचा प्रकाश सुमारे २० किलोमीटर दूर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, हवेतून पाठविण्यात आला. हवेतील प्रेषणात शलाका भिंगाने समांतर केली की बहुतांशी भागते. पलीकडे ती थोडी पसरली तरी मोठ्या भिंगाने वेचता येते. तंतूचे तोंड इतके उदार नसते. एकविध तंतूचा गाभा अवघा ८-९ मायक्रॉन व्यासाचा असतो.

‘शलाका’ म्हणजे मूळ अर्थाने सडपातळ, सरळ काडी. डायोडच्या बाबतीत ही संज्ञा काहीशी फसवी होय. त्याचा प्रकाश मायक्रॉनहून पातळ थरातून बाहेर पडतो. आणि विवर्तनाचा नियम असा की, उगमाशी जी बाजू अरुंद तीच पुढे अधिक फाकते. त्यामुळे थराला लंब दिशेत अपसरण ३०-४० अंशांचे, तर समांतर दिशेत सुमारे १० अंशांचेच असते. अशा लंबवर्तुळाकार झोतासमोर तंतू नुसता टेकविला, तर बहुतेक प्रकाश तोंडाशीच सांडतो. १९७४ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या कोहेन व श्नायडर यांनी तंतूच्या टोकावरच सूक्ष्म भिंगे घडविण्याचा उपाय वर्णिला.

शक्तिशाली डायोड-पट्टीपुढे तोही उपाय अपुरा ठरतो. शलाकेची रुंदी व अपसरण यांचा गुणाकार कोणत्याही भिंगाने घटत नाही. एक आवळावे तर दुसरे वाढते. एक सेंटीमीटर लांबीच्या पट्टीत हा गुणाकार एका दिशेत दुसरीच्या हजारपटीच्या घरात जातो, तंतूचा गाभा तर वर्तुळाकार! १९९६ मध्ये साउदॅम्प्टनच्या क्लार्कसन व हॅना यांनी दोन सपाट आरशांत शलाका पुनःपुन्हा परावर्तित करून तिचे रुंदीच्या दिशेने तुकडे पाडले व ते एकावर एक रचले. एका दिशेतील गुणाकार तुकड्यांच्या संख्येने भागला गेला, दुसऱ्या दिशेतील तितक्याच पटीने वाढला आणि नियम अबाधित राहूनही दोन्ही दिशा समतोल झाल्या. आरशांच्या कडांशी थोडा प्रकाश मात्र वाया जातोच.