अफूच्या देशात मॉर्फिन दुर्मीळ का झाले?

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. याच अफूपासून मॉर्फिन मिळते. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील बहुसंख्य कर्करोगी मॉर्फिनविना तळमळत होते. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी १९८५ सालापासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी अशी त्यातील शिक्षा होती. जप्त मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेत फरक करण्याची तरतूद २००१ मध्ये आली. वैद्यकीय वापराला कायद्याने बंदी नव्हती. अडचण अंमलबजावणीत होती. मॉर्फिनचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे होता. रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने एकाच वेळी वैध ठेवावे लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि पुढील बारा वर्षांत देशातील त्याचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती सुचवली, तिची वरची पायरीच मॉर्फिनची होती. आपण मात्र नेमके उलट्या दिशेला निघालो होतो.

माझ्या मते यातील सर्वांत मोठी हानी रुग्णालयांपेक्षा वर्गखोल्यांत झाली. मॉर्फिन कधी न हाताळलेल्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. औषध उपलब्ध झाले तरी ते लिहून देण्याची या पिढीला भीती वाटे: रुग्णाला व्यसन लागेल, त्याचा श्वास थांबेल. योग्य मात्रेत, वेदनेच्या प्रमाणात दिल्यास हे धोके आटोक्यात राहतात, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

बदलाची सुरुवात केरळमध्ये झाली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह वेदना व उपशामक उपचार संस्था सुरू केली. पुढे प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णांच्या घरी जाऊ लागले. (सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले होते; पण रुग्णालयाच्या भिंतींबाहेर पडलेले हे केरळी रूप निराळे होते.) २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक उपचारांचे धोरण स्वीकारले.

कायद्याची लढाई मात्र रेंगाळली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग निर्माण करून त्यांचे नियम केंद्राकडे दिले आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी परवान्यांचे जंजाळ दूर केले.

शिक्षणातील बदल त्याच सुमारास आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ मध्ये उपशामक वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना व्यवस्थापनाला जागा मिळाली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ ची वेदनेची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपणांत म्हटले आहे की रुग्णाने सांगितलेल्या वेदनेचा आदर करावा, आणि जो बोलू शकत नाही त्याला वेदना होत नाही असे समजू नये.