चोरीला उरलेले तास

टेक्सास विद्यापीठाचे एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटर ह्यूस्टनमध्ये आहे. ३० एप्रिल २०१२ रोजी तिथल्या एका डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरातून लॅपटॉप चोरीला गेला. त्यात २९,०२१ जणांची माहिती होती. चोर कधी येणार हे आधी कुणालाच कळत नाही. पण तोवर किती वेळ हातात होता, हे मागाहून अचूक मोजता येते. म्हणून हा घटनाक्रम चोरीच्या तारखेपासून उलटा मोजला आहे.

४६,००० हून अधिक तास बाकी (२००६)
संस्थेचे लेखी धोरण तयार झाले होते : गोपनीय माहिती ठेवलेली उपकरणे एन्क्रिप्ट करायची, म्हणजे त्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करायची. पुढे संस्थेच्याच जोखीम-तपासण्यांनी सांगितले की, उपकरणे एन्क्रिप्ट नसणे हा मोठा धोका आहे. धोरण फायलीत राहिले. लॅपटॉप पूर्वीसारखेच घरी-दारी फिरत राहिले.

२२,८०० तास बाकी (२३ सप्टेंबर २००९)
रुग्णांची माहिती फुटली तर ६० दिवसांच्या आत त्यांना कळवलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत लागू झाला. त्यातच एक सवलत होती : हरवलेली माहिती योग्य रीतीने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर कळवण्याचे बंधन नाही. कारण किल्लीशिवाय ती वाचताच येत नाही. साधनांचीही वाण नव्हती. विंडोजच्या काही आवृत्त्यांत २००७ पासून डिस्क एन्क्रिप्ट करणारे बिटलॉकर होते.

९,६७२ तास बाकी (२४ मार्च २०११)
संपूर्ण संस्थेसाठी एन्क्रिप्शनची व्यवस्था उभी करायला या वर्षी कुठे सुरुवात झाली. सरकारने पुढे दोषाचा काळ याच तारखेपासून धरला. २५ जानेवारी २०१३ पर्यंत सगळी उपकरणे सुरक्षित झालेली नव्हती.

शेवटची रात्र (२९ एप्रिल २०१२)
एका लॅपटॉपची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायला त्या काळी काही तास लागत. रात्री चार्जर लावून यंत्र सुरू ठेवले की सकाळपर्यंत काम उरकत असे.

शून्य तास (३० एप्रिल २०१२)
लॅपटॉप गेला. डिस्क एन्क्रिप्ट नव्हती, साधा पासवर्डही नव्हता. आणि पासवर्ड असता तरी तो पुरला नसता. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की लॉगिनचा पडदा आडवा येत नाही. फायली सरळ उघडतात. कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसांची नावे, उपचारांचे आणि संशोधनाचे तपशील, काहींचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, हे सारे अनोळखी हातात गेले.

चोरीनंतर १,७७६ तास (१३ जुलै २०१२)
एका प्रशिक्षणार्थीचा पेनड्राइव्ह संध्याकाळी घरी जाताना हरवला. त्यावर दोन हजारांहून अधिक जणांची माहिती होती. तोही एन्क्रिप्ट नव्हता.

नोव्हेंबर २०१३ ची अखेर
एका पाहुण्या संशोधकाचा पेनड्राइव्ह सापडेना. त्यात जवळजवळ ३,६०० जणांची माहिती होती. पुन्हा तेच : एन्क्रिप्शन नाही.

जून २०१८
या तिन्ही घटनांवरून अमेरिकेच्या आरोग्य खात्याने संस्थेला ठोठावलेला ४३ लाख ४८ हजार डॉलरचा दंड प्रशासकीय न्यायाधीशांनी कायम केला.

१४ जानेवारी २०२१
अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो दंड रद्द केला. रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमाला एन्क्रिप्शनची यंत्रणा असणे पुरेसे आहे आणि ती संस्थेकडे होती; प्रत्येक उपकरण एन्क्रिप्ट झालेच पाहिजे असे नियमात लिहिलेले नाही, असे न्यायालय म्हणाले.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. रुग्णांच्या दृष्टीने नाही. दंड रद्द करता येतो, पण बाहेर गेलेली माहिती न्यायालयाच्या आदेशाने परत येत नाही. म्हणूनच विद्यापीठांचा नियम ‘एन्क्रिप्शनची सोय आहे’ एवढ्यावर थांबता कामा नये. एन्क्रिप्ट केल्याशिवाय लॅपटॉप कुणाच्या हाती द्यायचाच नाही, मग तो कुलगुरूंचा असो की नव्या संशोधन-साहाय्यकाचा, आणि हरवल्यावर किल्ली संस्थेकडे सुरक्षित असल्याची नोंदही दाखवता आली पाहिजे.

तुमच्या टेबलावर संस्थेचा लॅपटॉप असेल, तर आजच संगणक विभागाला विचारा : याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? उत्तर ‘नाही’ आले, तर घरी नेण्याआधी ती करून घ्या. त्यातली माहिती तुमची नाही. ज्यांनी विश्वासाने दिली त्यांची आहे.